पलंगाला वळसा

१

भिंतीला कान असतात म्हणतात. या इमारतीत ते काकूंचे होते, आणि ही गोष्ट खुद्द काकूही नाकारत नसत. "मी ऐकायला जात नाही गं, मला ऐकू येतं," एवढंच त्यांचं म्हणणं.

दुपारचं जेवण उरकलं, काकांचं तोंड पुसून त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, की काकूंचा हक्काचा अर्धा तास सुरू व्हायचा. काका म्हणजे त्यांचे यजमान. चाळीस वर्षं दारोदार टपाल वाटत पायांवर जगलेला माणूस, आणि दीड वर्षापूर्वी उजवी बाजू गेली तेव्हापासून पलंगावर. वाचाही जवळजवळ गेलेली. दिवसाकाठी चार-दोन शब्द, तेही तोंडातल्या तोंडात. दोन्ही बाजूंनी सेवा करता यावी म्हणून पलंग खोलीच्या मधोमध ओढून घेतला होता. उशाकडे भिंत, आणि भिंतीपलीकडे नकाशेवाला.

नकाशेवाला हा शेजारच्या घरातला एकटा राहणारा, पस्तिशीचा, खाली मान घालून जिना चढणारा भाडेकरू. सरकारी खात्यात पाणथळ जागांचे नकाशे करायचा. कुठं तळं आहे, कुठं दलदल आहे, पाणी किती महिने टिकतं, काय उगवतं, कोणते पक्षी उतरतात, हे सगळं कागदावर आणायचं. यातली निम्मी माहिती काकूंना जिन्यात मिळाली होती आणि निम्मी भिंतीतून.

त्या दुपारी भिंतीतून नुसती पावलं येत होती. दूर जायची, जवळ यायची, मध्येच थबकायची, मग पुन्हा सुरू. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, अर्धा तास झाला. माणूस घाण्याला जुंपल्यासारखा घरातल्या घरात फिरत होता. काकूंनी उशाकडे जाऊन कान टेकवला. पावलं अगदी भिंतीशी येऊन थांबली आणि पलीकडून कापऱ्या आवाजात ऐकू आलं, "नाही जमत. नाहीच जमत मला."

"च्च," काकू म्हणाल्या.

ही त्यांची जुनी खोड. कुणाचं दुःख कानावर आलं की जीभ आपोआप टाळूला लागायची. या एका 'च्च'पायी त्या आयुष्यात तीनदा पकडल्या गेल्या होत्या. ही चौथी वेळ. दोन मिनिटांत दारावर टकटक झाली.

"काकू, ऐकत होतात?"

"छे रे! भिंत पुसत होते."

"कानानं?"

काकू हसल्या. तो हसला नाही. हातात मोबाइलपेक्षा जाडजूड असं एक पिवळं यंत्र धरून तो दारातच उभा राहिला, आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं. काकूंनी त्याला हाताला धरून आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. आणि अशा वेळी त्या जे उत्तम करत तेच केलं, म्हणजे गप्प बसल्या.

त्याचं म्हणणं असं, की गेल्या वर्षी एका दलदलीत तो छातीपर्यंत रुतला होता. सव्वा तास. सोबतच्या लोकांनी दोर आणायच्या आधी फोटो काढले. अजून ते फोटो कचेरीत एकमेकांना दाखवतात. तेव्हापासून चिखल दिसला की त्याचे पाय लटपटतात. "पाणथळाचे नकाशे करणारा माणूस चिखलाला भितो, काकू. कुणाला सांगू? आंधळ्या ड्रायव्हरसारखं झालंय."

एक्केचाळीस नंबरच्या पाणथळाचा नकाशा आठवडाभरात द्यायचा होता. तिथं जाऊन, यंत्र हातात धरून, पाण्याच्या काठाकाठानं चालायचं. चालू तशी यंत्रात रेघ उमटते. त्या रेघेच्या आतलं राखायचं, बाहेरचं भराव घालायला मोकळं. तो दोनदा बसनं तिथपर्यंत गेला आणि दोनदा बसमधून न उतरताच परत आला.

"मग घरी बसून काढ की रेघ काँप्युटरवर."

"साहेब ओळखतात. हातानं काढलेली रेघ गुळगुळीत येते. चालणारा माणूस थांबतो, दमतो, अडखळतो, ते सगळं वेळेसकट यंत्रात उमटतं. एकाला असाच पकडला होता. म्हणून... चालतोय. इथंच. मग रेघ ओढून मोठी करायची आणि नेऊन तिथं बसवायची. पण माझं घर केवढं? दीड खोली. नुसता चौकोन येतो. कुठलं पाणथळ चौकोनी असतं?"

आता शहाण्या बाईनं इथं कानांवर हात ठेवायला हवे होते. पण काकूंना कुणाचं अडलेलं पाहवत नसे, आणि खरं सांगायचं तर, इतक्या मोठ्या कामात आपल्याला कुणी विचारतंय याचंच त्यांना कौतुक वाटलं.

"अरे वेड्या, मग माझ्या घरातून फीर की!" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बोळ आहे, स्वयंपाकघर आहे, बाल्कनी आहे. हवे तेवढे कानेकोपरे घे."

आणि तो फिरला. वरचाच मजला असल्यानं यंत्राला कशीबशी रेंज मिळाली. रेघ जरा थरथरत उमटली, म्हणून तर अधिकच खरी वाटली. तो पुढं, काकू मागं. "तो स्टूल ओलांड. फ्रीजमागं जा, तिथं छान वळण येईल." झोपायच्या खोलीत मात्र त्यांनी आवाज खाली आणला. "काकांना उठवू नकोस. पलंगाला वळसा घालून ये."

घरी जाऊन त्यानं कागद भरून आणला. काकूंनी चष्मा लावून वाचला. 'मध्यभागी एक उंचवटा, कोरडा.'

"कोरडा का, चांगला ठणठणीत आहे," म्हणत काकू खुसखुसल्या. खाली एक रकाना होता: 'काठ प्रत्यक्ष पाहिलेल्या स्थानिक व्यक्तीची सही.' यादी करायला हाताशी असावं म्हणून त्या अंबाड्यात नेहमी निळं बॉलपेन खोचून ठेवत. ते त्यांनी उपसलं आणि सही ठोकली. चांगली पल्लेदार, टोकाला दोन ठिपके देऊन.

२

त्यानंतर दहाएक दिवसांनी, सकाळी भाजी निवडताना, काकूंना स्वयंपाकघरात एक किडा दिसला.

लांब, केसासारख्या पायांचा. साचलेल्या पाण्यावर बुडता न बुडता घसरत जातात ना, त्यातला. काकूंना किड्याचं काही नव्हतं. वरचा मजला असला म्हणून काय झालं, किड्यांना जिना कशाला लागतो? झाडू घ्यायला त्या उठल्या, आणि तेवढ्यात किडा हलला. चालला नाही. घसरला. एकाच झटक्यात हातभर पुढं, आणि थांबल्यावरही जरासा पुढं तरंगत गेला.

काकूंनी फरशीला हात लावला. कोरडी होती. पावडर सांडल्यावर असते तशी कोरडी.

किडा पुन्हा घसरला, फ्रीजच्या मागं गेला, आणि जाताना त्यानं एक छानसं वळण घेतलं.

"डोळे तपासायला हवेत," काकू स्वतःशी म्हणाल्या. झाडून काढायला फ्रीज ओढला तर मागं काही नव्हतं.

त्याच दुपारी त्या काकांचे पाय पुसायला बसल्या. बसल्या म्हणजे पलंगाच्या कडेवर, पाय खाली सोडून. काकांचे डोळे उघडे होते. त्यांनी डाव्या हातानं काकूंचं मनगट धरलं. चार महिन्यांत त्या हाताला एवढा जोर आला नव्हता.

"पाय," काका म्हणाले.

"पुसतेय की."

"तुझे. वर घे."

धड, स्वच्छ शब्द. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी अर्थाकडे लक्षच दिलं नाही. पाय वर घेतले, मांडी घातली, आणि "बोला ना, अजून काहीतरी बोला," म्हणत राहिल्या. काका फरशीकडे बघत होते. माणूस पुलावरून खाली बघतो तसे.

३

अंडी दिसली ती पुढच्या सोमवारी. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला मोहरीएवढ्या फिकट गुलाबी दाण्यांचा एक घोस चिकटला होता. काकूंनी तो सुरीनं खरवडून काढला. भाजीतून आलं असेल काही. पण दुसऱ्या पायालाही घोस होता. तिसऱ्यालाही. स्टुलाला होता, बोळातल्या कपाटाला होता, बाल्कनीच्या दाराच्या चौकटीला होता. सगळे फरशीपासून चार बोटांवर. काकूंनी बोटं लावून लावून पाहिलं. कुठं पाच नाही की कुठं तीन नाही. जणू कुणीतरी सुतार दोरी ताणून गेला होता.

फक्त पलंगाच्या पायांना नव्हता.

त्यांनी नकाशेवाल्याला हाक मारली. तो आला, खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"काय आहे रे हे?"

"गोगलगायीची अंडी." त्यानं एका घोसाकडे बोट दाखवलं. "पाण्यातली गोगलगाय. पाण्यात राहते, पण अंडी पाण्याबाहेर घालते. काठावरच्या देठांवर, पाण्याच्या जरा वर. आम्ही... पाणी ओसरलेलं असलं तरी कुठवर होतं ते आम्ही यावरून ओळखतो."

"पण इथं पाणी कुठंय?"

"नाहीये ना," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "काकू, माझ्याकडे पण आहेत. चार बोटांवर."

दोघं फरशीकडे बघत उभे राहिले. बुद्धी सांगत होती की कुंड्यांतून आली असतील, पाइपातून आली असतील, जगात अंड्यांची काय कमी आहे. बाल्कनीतून ऊन येत होतं. पण काकूंच्या एक लक्षात आलं. बोलता बोलता दोघांनीही आपापले कपडे घोट्याच्या वर धरले होते.

"नकाशा दिलास ना?"

"दिला. कचेरीत फळ्यावर लावलाय. तीस दिवस. कुणाची हरकत असेल तर लेखी द्यायची. नाही आली तर पक्का."

"मग आपणच देऊ हरकत. चुकलं म्हणून सांगू."

त्यानं मान वर केली. "माझी नोकरी जाईल, काकू. ते फोटो तर आहेतच, आता हेही. आणि सही तुमची आहे."

सही तुमची आहे. काकूंना एकदम इमारतीचा जिना दिसला. जिन्यात थांबलेल्या बायका दिसल्या, आणि जगाच्या बातम्या सांगणाऱ्या आपली बातमी झालेली दिसली. कान तापले.

"बघू," त्या म्हणाल्या. "तीस दिवस आहेत."

४

चार बोटांची वीत झाली. काकू रोज खरवडत, रोज नवे घोस जरा वर असत. खालचे वाळून पांढरे पडत, वरचे ताजे गुलाबी. पाणी नव्हतंच. ओल नव्हती, वास नव्हता. मात्र बोळातून चालताना काकूंचं पाऊल आपोआप सावकाश पडू लागलं होतं, पोटऱ्यांना कशाचा तरी विरोध असल्यासारखं. संधिवात असेल, असं त्या स्वतःला बजावत.

याच दिवसांत गवतवाली आली. महिन्यातून एकदा यायची, पाणकणसाच्या पात्यांच्या चटया आणि झाडू डोक्यावर घेऊन. उन्हानं रापलेली, तोंडानं फटकळ बाई. काकूंचं आणि तिचं मेतकूट जमायचं, कारण दोघींनाही बोलायला आवडायचं. या खेपेला तिच्या डोक्यावर दोनच चटया होत्या.

"एवढ्याच गं?"

"कुठून आणू, बाई? आमच्या बाजूचं पाणीच गेलं. चांगलं कमरेएवढं असायचं. आता मासे चिखलात पडून तोंड उघडतायत. सगळं पाणी मध्ये सरकलंय आणि तिथंच उभं राहिलंय. पुढं येईना की मागं जाईना. पाणकणसं पण बघावं तर सरळ रेषेत. भिंतीसारखी. माझ्या सासूनं जन्मात असलं पाहिलं नाही."

काकूंनी तिला चहा दिला. निम्मा बशीतच सांडला.

"नकाशा केलाय म्हणे कुणी," गवतवाली बशीतला चहा फुर्रकन ओढत म्हणाली. "रेघेबाहेर भराव टाकणार. आमची झोपडी बाहेर. आणि काय ऐकलं माहितेय? कुणा बाईनं सही केलीय. काठ डोळ्यांनी बघितला म्हणून. मी म्हटलं, कोण ही भवानी? तिथं तर आम्हीच असतो दिवसभर! एकदा भेटू दे, तिला हाताला धरून काठ दाखवते." ती मोकळेपणी हसली. "तुम्हाला सगळ्या बातम्या असतात. कळलं तर सांगा हं."

"सांगेन," काकू म्हणाल्या. त्यांना तिच्याकडे बघवेना. त्या चहाच्या भांड्याकडे बघत राहिल्या, आणि ती गेल्यावरही बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आपण भांडं रिकामं असूनही गाळतो आहोत.

त्या आठवड्यात मंगळवारी सकाळी पलंगाच्या पायांना पहिल्यांदा अंडी दिसली. बाकी घरातल्या घोसांच्याच उंचीवर. उंचवटा बुडत होता. आणखी वीतभर, की गादी.

गुरुवारी दुपारी काकूंनी गच्चीवरून विटा आणल्या आणि पलंगाच्या प्रत्येक पायाखाली दोन दोन सरकवल्या. पलंग उचलायला नकाशेवाला आला होता. काका वर गेले, छताकडे जरा जवळ. त्यांनी काकूंकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं.

"बोलत नाहीत का आज?" नकाशेवाल्यानं विचारलं.

"दोन दिवस झाले, एक शब्द नाही," काकू म्हणाल्या आणि विटा लावून झाल्या तरी खालीच बसून राहिल्या.

५

अठ्ठाविसाव्या दिवशी काकूंनी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना काकांजवळ बसवलं आणि नकाशेवाल्याला म्हणाल्या, "चल. ज्यावर सही केली ते निदान बघू तरी दे."

बसनं पाऊण तास. स्टॉपवर तो उतरला, पण उतारापाशी, जिथं वाळलेला चिखल सुरू होत होता, तिथं त्याचे पाय खिळले. "मी इथं थांबतो, काकू. मला माफ करा." त्याला ओशाळं वाटू नये म्हणून काकूंनी त्याच्याकडे पाठ केली आणि एकट्याच पुढं गेल्या.

सकाळचे दहा वाजले होते. लख्ख ऊन. भेगाळलेल्या चिखलातून शंभर पावलं, आणि मग पाणी लागलं. काठ सरळ होता. चपला हातात घेऊन काकू आत शिरल्या. गार पाणी, घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. समोर पाणकणसं दोन पुरुष उंच, दाट, आणि एका ओळीत. ओळीत एकच फट होती, दारापेक्षा पुष्कळ मोठी.

त्या फटीतून गेल्या तशा त्यांच्या पावलांना कळलं. डोक्याला कळायच्या आधी. इथून डावीकडे. हा बोळ. आपल्या बोळाच्या दसपट, पण बोळच. उजवीकडे फट, ते स्वयंपाकघर. कोपऱ्यात पाणकणसांचा एक चौकोनी पुंजका आणि त्याच्यामागून पाणी छानसं वळण घेऊन गेलेलं. पाण्यावर ते लांब पायांचे किडे घसरत होते. एकही पक्षी ओरडत नव्हता.

परत फिरावं, असं बुद्धी सांगत होती. पण स्वतःच्या घरात माणूस झोपायच्या खोलीपर्यंत जातोच.

मधोमध उंचवटा होता. पाणी त्याच्या कडेला टेकलेलं. वरच्या गवतात एक लांबट खळगा होता, कुणी डाव्या कुशीवर बराच काळ पडून राहिल्यावर होतो तसा.

आणि उंचवट्याच्या पलीकडे, उशाच्या बाजूला, पाणकणसांच्या भिंतीशी कुणीतरी उभं होतं.

पाठमोरी बाई. कपडे गुडघ्यांपर्यंत खोचलेले. मान एका बाजूला कललेली, एक हात भिंतीवर सपाट टेकलेला, श्वास रोखलेला. पाती बाजूला सारून तिनं त्यांत कान दाबला होता. काकूंनी स्वतःला कधी असं मागून पाहिलं नव्हतं. केवढं किळसवाणं दिसतं ते, केवढं हावरं. भुकेलं मांजर उष्ट्या ताटाशी जसं वाकतं, तसं. भीतीच्याही आधी काकूंना लाज वाटली. उन्हात, पाण्यात, एकट्या उभ्या असताना त्यांचं तोंड लाजेनं पेटलं.

बाईच्या अंबाड्यात निळं बॉलपेन होतं.

काकू मागं सरल्या. पाणी चुबकलं. बाईची मान जराशी हलली. आवाज ओळखीचा वाटला की आपण हलवतो तशी. ती वळली की नाही, ते काकूंनी पाहिलं नाही.

६

हरकतीच्या खिडकीवर रांग होती. काकू भिजल्या कपड्यांनी रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मागं नकाशेवाला.

"काय हरकत आहे?" कारकुनानं विचारलं.

"नकाशा खोटा आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"सही माझी आहे."

कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला. त्याचा आवाज मुळातच मोठा होता. "म्हणजे काठ प्रत्यक्ष पाहिला म्हणून सही केलीत, आणि पाहिला नव्हतात?"

रांगेतल्या सगळ्यांचे कान आपल्याकडे वळलेले काकूंना पाठीवर जाणवले. ऐकणाऱ्यांच्या त्या बाजूला त्या आयुष्यभर उभ्या होत्या.

"नव्हता पाहिला," त्या म्हणाल्या.

"मग केली कशाला?"

"मोठेपणा वाटला."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. नकाशेवाला पुढं झाला आणि म्हणाला, "रेघ माझी आहे. मी घरात चाललो." मग तोही सगळं बोलला, चिखलाचं, फोटोंचं, सगळं.

त्याची नोकरी गेली. पण जायच्या आधी साहेबांनी त्यालाच त्या काठावर पाठवलं, आणि तो गेला. गवतवालीनं त्याला हाताला धरून फिरवलं. काकूंना तिनंच सांगितलं, की पहिल्या दिवशी तो पावलापावलाला रडत होता आणि दुसऱ्या दिवशी नुसता चालत होता. एवढं सांगून ती थांबली. "तुम्हीच होय ती," म्हणाली. चटई न विकताच जिना उतरून गेली. ती पुन्हा आली नाही. पाणी मात्र तिच्या बाजूला परत आल्याचं कळलं.

७

खरा नकाशा लागला त्या दिवसापासून अंडी वाढायची थांबली. वाळली, पांढरी पडली, आणि झाडूचा धक्का लागताच भुकटी होऊन गळाली. फरशी नुसती फरशी राहिली. जिन्यात काकू दिसल्या की बायकांचं बोलणं बंद व्हायचं. काकू खाली मान घालून चढायच्या, पूर्वी नकाशेवाला चढायचा तशा.

नकाशेवाला आईकडे निघून गेला. किल्ली काकूंपाशी ठेवून गेला. घर बंद.

विटा काकूंनी काढल्या नाहीत.

परवा दुपारी काकांना कुशीवर वळवलं आणि त्या सवयीनं पलंगाच्या कडेवर बसल्या, पाय खाली सोडून. भिंतीकडे त्या आता जात नसत. काका मात्र भिंतीकडेच बघत होते. किती दिवसांनी त्यांचे ओठ हलले.

"तिला," ते म्हणाले.

"कुणाला?"

"तिला सांग. पाय वर घे."

काकू किल्ली घेऊन शेजारी गेल्या. दार उघडलं. रिकाम्या खोल्या, ऊन, धूळ. धुळीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. फक्त भिंतीवर, काकूंच्या कानाच्या उंचीला, वाटीएवढा एक डाग होता. काकूंनी बोट लावलं. ओला होता. एवढ्या सगळ्या दिवसांत त्यांच्या बोटाला घरात लागलेली ती पहिली ओल.

त्यांनी तो पुसला आणि परत आल्या. दार लावलं. पलंगावर चढून बसल्या, पाय वर घेतले. आपण काकांना आंघोळ घालताना जे पुटपुटतो ते, भांडी घासताना रडतो ते, सगळं कुणीतरी ऐकत होतं. कधीपासून, कोण जाणे. आपल्या भिंतीपलीकडच्यांना इतकी वर्षं असंच उघडं पाडत आलो आपण. काकूंना भिंतीकडे बघवेना.

पण ऐकणारीला काय हवं असतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? काहीतरी खरं मिळाल्याशिवाय ती भिंत सोडत नाही.

काकांचे डोळे उघडे होते. काकूंनी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि भिंतीकडे तोंड करून, सगळ्यांत हळू आवाजात बोलायला लागल्या.

"कचेरीत मी सगळं सांगितलं नाही. अंडी पलंगाला लागली ती मंगळवारी. विटा मी गुरुवारी लावल्या. विटा गच्चीवर होत्या, मला ठाऊक होतं. मधले दोन दिवस मी... मी नुसती बघत होते, कुठवर येतं ते. म्हटलं, सुटतील बिचारे. म्हटलं, मी पण सुटेन."

काकांचा हात त्यांच्या हातात तसाच राहिला.

मग भिंतीपलीकडे, अगदी जवळ, कुणाची तरी जीभ टाळूला लागली.

"च्च."